रेषा आखण्याआधी विचारा: राज्याच्या वाहतूक आराखड्याबद्दल मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

प्रत माहितीसाठी: मा. परिवहन मंत्री, मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ. आणि रोज सकाळी फाट्यावर गाडीची वाट बघणारे सगळे.

विषय: राज्याचा पुढच्या २५ वर्षांचा वाहतूक आराखडा लोकांपुढे मांडून, त्यांचे ऐकून ठरवण्याबाबत.

महोदय,

आमच्या भागातून नवा रस्ता जाणार आहे हे आम्हाला तीन वाटांनी कळते. पेपरात घोषणा येते, नाहीतर शेतात मोजणीवाले येऊन खुणा रोवतात, नाहीतर तलाठ्याकडे गेल्यावर समजते की आपला गट नंबर अधिसूचनेत आहे. त्याच्याही आधी कधीतरी, कुठेतरी, कोणीतरी ठरवलेले असते की इथून रस्ता हवा. तो हवा का, हवा तर कुठून कुठे, त्याऐवजी रेल्वे दिली किंवा एसटीच्या गाड्या वाढवल्या तर भागेल का, हे प्रश्न त्या वेळी आम्हाला कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. माझी तक्रार एवढीच आहे. पण ती नीट सांगायला थोडी जागा लागेल.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातला. माध्यमिक शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालो, आता घरची हळद बघतो. माझी जमीन देवस्थाने जोडत गोव्याकडे जाणाऱ्या शक्तिपीठ महामार्गाच्या किंवा दुसऱ्या कुठल्या द्रुतगती मार्गाच्या रेषेत आलेली नाही, हे मुद्दाम सांगतो. नाहीतर पहिलाच शेरा पडतो, “मोबदला वाढवून पाहिजे असेल.” मी रस्त्याच्या विरोधातही नाही. मराठवाड्यातला माणूस रस्त्याच्या विरोधात असूच शकत नाही. पावसाळ्यात काळ्या रानातून बाजेवर घालून बाळंतीण पक्क्या सडकेपर्यंत आणताना ज्यांनी बघितली आहे, त्यांना रस्त्याची महती कोणी सांगायला नको.

मग दुखणे काय आहे?

पहिले दुखणे असे की या राज्यात प्रकल्प भरपूर आहेत, आराखडा दिसत नाही. समृद्धी झाला, शक्तिपीठ येतोय, जालना-नांदेड येतोय, विरार-अलिबाग, पुण्याचा वर्तुळाकार रस्ता, किनाऱ्याने रेवस-रेडी, विदर्भात नागपूरहून गोंदिया आणि चंद्रपूरकडे. यातला एकेक कदाचित गरजेचाही असेल. पण हे सगळे एका नकाशावर, रेल्वेमार्गांसह, बंदरांसह, एसटीच्या आगारांसह मांडून “पंचवीस वर्षांनी राज्यातली माणसे आणि माल असे फिरतील, म्हणून हे आधी आणि ते नंतर” असे सांगणारा, सामान्य माणसाला वाचता येईल असा मराठीतला कागद मी बघितलेला नाही. भूगोलाच्या मास्तरला अशा कागदाची हौस असते. शोधला असणारच, हे आपण गृहीत धरावे.

असे दीर्घ पल्ल्याचे नियोजन आपल्याकडे नवे आहे असेही नाही. डिसेंबर १९४३ मध्ये, महायुद्ध चालू असताना, देशभरातले मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी वीस वर्षांची रस्ते योजना केली. ती नागपूर योजना म्हणूनच ओळखली जाते. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक रस्ते, जिल्हा रस्ते, ग्रामीण रस्ते ही आज आपण वापरतो ती उतरंड तिथे पक्की झाली. विकसित शेतीच्या भागातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर राहू नये, असे मोजमाप त्या योजनेने ठेवले होते. हे वाक्य मला फार आवडते, कारण त्यात रस्ता गावापासून मोजला आहे. आजच्या घोषणेत मोजमाप असते ते दोन शहरांमधल्या तासांचे: नागपूर ते मुंबई आठ तास, नागपूर ते गोवा आठ तास. मधल्या गावापासून काही मोजलेले नसते.

पुढेही वीस-वीस वर्षांच्या योजना झाल्या. महाराष्ट्राची २००१ ते २०२१ ची रस्ते विकास योजना होती. तिची मुदत संपली. त्या योजनेत माझ्या तालुक्यातले कोणते रस्ते धरले होते, त्यातले किती झाले, किती कागदावर राहिले आणि का, हा हिशेब आमच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर कधी लागला नाही. पुढच्या योजनेचा मसुदाही लागला नाही. आणि ती झाली तरी फक्त रस्त्यांची. त्या रस्त्यावरून गाडी कोणाची, किती वाजता, किती पैशांत, हे तिच्यात नसते.

दुसरे दुखणे जास्त खोल आहे, म्हणून त्याला जास्त जागा देतो. विचारले जाते तेही उशिरा, आणि चुकीचा प्रश्न विचारला जातो.

शहरात गल्लीचा रस्ता नऊ मीटरचा बारा मीटर करायचा झाला, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, १९६६ प्रमाणे विकास आराखड्याचा मसुदा जाहीर करावा लागतो, हरकती-सूचना मागवाव्या लागतात, सुनावणी घ्यावी लागते. ही सुनावणी नुसती नावाची नसते, याचा दाखला आपणच घालून दिला आहे. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा आला तेव्हा हजारो हरकती आल्या, चुका निघाल्या, आणि एप्रिल २०१५ मध्ये आपण मुख्यमंत्री म्हणून तो मसुदा नव्याने करायला सांगितला. २०१८ मध्ये सुधारित आराखडा मंजूर झाला. मुंबई काही थांबली नाही. विजेचे दर ठरतात तेव्हासुद्धा नियामक आयोगाला ग्राहकांच्या सूचना विचारात घ्याव्या लागतात. म्हणजे गल्लीची रुंदी आणि विजेचे युनिट यावर आम्हाला बोलण्याचा कायदेशीर हक्क आहे. बारा जिल्ह्यांतून जाणारा आठशे किलोमीटरचा रस्ता असावा की नाही, यावर मात्र तसा हक्क नाही.

“जनसुनावणी होते की,” असे उत्तर येईल. होते. पर्यावरण मंजुरीसाठी २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जिल्ह्यात सुनावणी घ्यावी लागते. पण तोवर रेषा आखलेली असते, खर्च ठरलेला असतो, सल्लागार नेमलेला असतो. अहवालाचा सारांश तेवढा मराठीत आणि जाडजूड मूळ अहवाल इंग्रजीत. एवढ्या कमी दिवसांत तो वाचून, समजून, शेतकऱ्याने काय बोलायचे? २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि त्यावर गावात सुनावणी असा चांगला टप्पा होता. राष्ट्रीय महामार्गांच्या कायद्याखाली जमीन घेतली की तो लागू होत नाही, आणि राज्याच्या १९५५ च्या महामार्ग अधिनियमाखाली घेतली तरी आपल्याकडे त्यातून सूट दिली गेली. जिथे सगळ्यात जास्त जमीन एका पट्ट्यात जाते, नेमका तिथलाच विचारण्याचा टप्पा गाळलेला. उरते ती मोबदल्याची चर्चा. माझा एक माजी विद्यार्थी म्हणाला, “सर, घर पाडायचं का नाही ते कोणी विचारलंच नाही, डायरेक्ट विटांचा भाव विचारला.” मोबदल्याच्या बैठकीला लोकसहभाग म्हणणे बंद करावे, अशी माझी आपल्याला विनंती आहे.

शक्तिपीठाचेच बघा. वर्ध्याच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत सुमारे ८०२ किलोमीटर, अंदाजे खर्च ८६ हजार कोटी रुपये. २०२४ च्या सुरुवातीला भूसंपादनाची अधिसूचना निघाली. कोल्हापूर-सांगलीपासून आमच्या हिंगोली-नांदेडपर्यंत शेतकरी रस्त्यावर आले. विधानसभेच्या निवडणुकीआधी ती अधिसूचना मागे घेतली गेली. निवडणूक झाल्यावर प्रकल्प पुन्हा उभा राहिला आणि जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने त्यासाठी पैशांची तरतूद मंजूर केली. या सगळ्या काळात शेतकरी एक साधा प्रश्न विचारत होते: नागपूर ते रत्नागिरी राष्ट्रीय महामार्ग तुळजापूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर असाच जातो, मग त्याला बऱ्याच अंतरापर्यंत समांतर दुसरा कशाला? या प्रश्नाला कदाचित चांगले उत्तर असेल. वाहतुकीची मोजणी असेल, तीस वर्षांचा अंदाज असेल. ते उत्तर नकाशा आणि आकड्यांसह आमच्यापुढे का मांडले जात नाही? मंदिरांची यादी वाचून दाखवणे म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर नाही. आमच्या औंढ्याला नागनाथ आहेत, माहूरला रेणुकामाता आहे. भाविकांची सोय आम्हालाही हवी आहे. पण सोय म्हणजे नेमके काय, हे भाविकांना तरी विचारले का? औंढ्याला येणारा बहुतेक माणूस एसटीने नाहीतर जीपने येतो. द्रुतगती मार्गाचा टोल तो भरणार नाही.

तिसरे दुखणे लांबच्या आणि जवळच्या प्रवासाचे. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे, ३९२ गावे. ५ जून २०२५ ला शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा उघडला आणि तो पूर्ण झाला. इंजिनिअरांचे कौतुक करावे असे काम आहे, मी त्यावरून गेलो आहे. पण त्या ३९२ गावांतल्या माणसाने ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल घेऊन त्यावर चढायचे नाही. तो मार्ग त्यासाठी नाहीच, हे मला समजते. प्रश्न असा की मग गावाच्या वाट्याला दुसऱ्या कोणत्या खात्यातून काय आले, हे त्याच वेळी, त्याच कागदावर का ठरले नाही? रस्त्याने शेत दोन तुकड्यांत कापले तर बैलगाडी भुयारी वाटेपर्यंत किती लांबून न्यावी लागेल, शाळा पलीकडे असेल तर पोर कुठून जाणार, ओढ्याचे पाणी कुठे तुंबणार, हे गावातला बारा वर्षांचा मुलगाही बोटाने दाखवू शकतो. उपग्रहाच्या चित्रात ते दिसत नाही.

माझ्या पोटात सगळ्यात जास्त खुपते ते मात्र शाळेच्या गाडीचे. आमच्या शाळेत आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांवरून मुली यायच्या. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास होता, पुढे मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या आल्या. सरकारने केलेल्या चांगल्या कामांत मी या दोन्हींना फार वर ठेवतो. पण पास गाडीवर चालतो, आणि गाडीच आली नाही तर पास नुसता कागद. सकाळची फेरी बंद पडली की हजेरीपटात लगेच कळायचे. वरच्या वर्गातल्या मुली आधी गळायच्या. काही सायकलवर येत, काहींचे बाप त्यांना काळीपिवळीत बसवायला तयार नसत, आणि त्या घरी राहत. घरी राहिलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीचे आमच्या भागात पुढे काय होते, हे आपल्याला माहीत आहे. चौकशीला गेलो तर उत्तर खरेच मिळायचे: गाड्या कमी, चालक कमी, फेरीचे भारमान नाही, म्हणजे पुरेसे प्रवासी नाहीत, डिझेलचेही सुटत नाही. उत्तर देणाऱ्याचा दोष नव्हता. त्याच्या हातात गाड्या होत्या तेवढ्याच होत्या. दोष असलाच तर असा की त्या फेरीमुळे किती मुली दहावी होतात, हे मोजायला राज्याच्या कुठल्याच योजनेत रकाना नाही.

एसटी १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर सुरू झाली. “रस्ता तेथे एसटी” हे वाक्य आमच्या पिढीने खरे होताना बघितले आहे. आता रस्ता आहे तिथून एसटी निघून चालली आहे. करोनाच्या आधीपेक्षा गाड्यांचा ताफा घटला, २०२१-२२ चा संप झाला, जुन्या गाड्यांचे आयुष्य ओढून-ताणून लांबवले गेले. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले आणि गाड्या तुडुंब भरायला लागल्या. म्हणजे प्रवासी आहेत. भाडे परवडले आणि गाडी आली की ते येतात. सरकारनेच २०२५ मध्ये श्वेतपत्रिका काढून महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटींच्या पुढे गेल्याचे सांगितले. एका महामार्गाचा ८६ हजार कोटींचा अंदाज आणि सगळ्या राज्याला फिरवणाऱ्या एसटीचा अनेक वर्षांत साचलेला दहा हजार कोटींचा तोटा हे दोन आकडे एका तराजूत घालता येत नाहीत, हे मला कळते. एक गुंतवणूक, दुसरी तूट. एक कर्जाने उभे राहते, दुसरी अनुदानाने भरते. पण पंचवीस वर्षांचा आराखडा असता तर ते शेजारी-शेजारी तरी आले असते, आणि लोकांनी विचारले असते की यातला थोडा पैसा इकडे का नाही. मला वाटते, त्या प्रश्नाची अडचण होते म्हणून दोन्ही वह्या वेगळ्या ठेवल्या जातात.

हळदीचेही तेच. वसमत-हिंगोलीची हळद नावाजलेली, बाजारही जवळ. शेतकऱ्याचा खरा त्रास शेतापासून डांबरी सडकेपर्यंतचा, म्हणजे पांदणीचा. काढणी, शिजवणी उन्हाळ्यात होते म्हणून निभते. सोयाबीनच्या वेळी परतीचा पाऊस आला की ट्रॅक्टर चाकापर्यंत रुततो. पांदण रस्त्यांच्या योजना आहेत, मातोश्रींच्या नावाची आहे. पण त्या तालुक्याच्या फाइलीत फिरतात आणि द्रुतगती मार्ग मंत्रालयातून उतरतो. दोन्ही वाहतूकच आहेत ना?

चौथे दुखणे थोडक्यात. रस्ते एका खात्याकडे, द्रुतगती मार्ग दुसऱ्या महामंडळाकडे, राष्ट्रीय महामार्ग दिल्लीकडे, रेल्वे दिल्लीकडे पण काही प्रकल्पांत राज्याचा वाटा, मेट्रोच्या वेगळ्या कंपन्या, बंदरे सागरी मंडळाकडे, एसटी परिवहन विभागाकडे. प्रत्येकाचा नकाशा वेगळा आणि प्रत्येकाचा लोकसहभागही वेगळा, म्हणजे कोणाचाच नाही. नगर-बीड-परळी रेल्वेला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली आणि बीड शहरात गाडी पोचली ती सप्टेंबर २०२५ मध्ये. तीस वर्षे. एक पिढी उसाच्या फडावर जाऊन आली तेवढ्या वेळात. खामगाव-जालना मार्गाची मागणी तर आजोबांच्या काळापासूनची. मुर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला रेल्वे बंद पडून आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाची रड कोकणातले लोक २०११ पासून ऐकवत आहेत. जुने पुरे होत नाही आणि नव्याची घोषणा होते, तेव्हा “आधी काय” हे कोणी आणि कशावरून ठरवले, ते विचारायला जागाच नसते.

पाचवे, प्रादेशिक न्यायाचे. १९८४ मध्ये दांडेकर समितीने जिल्हावार अनुशेष, म्हणजे विकासातली राहिलेली तूट, मोजला तेव्हा रस्ते हा त्यातला एक मोठा भाग होता. पुढे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वैधानिक विकास मंडळे झाली. मोजमापाची आणि बोलण्याची ती एक जागा होती. ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. तेव्हापासून आमच्याकडच्या रस्त्याचा आणि रेल्वेचा अनुशेष किती, हे सांगायला कुठली चावडी आहे? “तुमच्यासाठीच तर शक्तिपीठ आणतोय,” असे आम्हाला सांगितले जाते. आमच्यासाठी असेल तर आम्हाला विचारा. कदाचित आम्ही हो म्हणू. कदाचित म्हणू की त्याच पैशांत हिंगोलीहून मुंबई-पुण्याला रोज दोन चांगल्या रेल्वेगाड्या, प्रत्येक गावाला दोन वेळा एसटी आणि तालुक्यातल्या सगळ्या पांदणी द्या. उत्तर काय येईल हे मलाही माहीत नाही, आणि आपल्यालाही नाही.

एक आक्षेप मी आधीच घेऊन ठेवतो, कारण तो नक्की येणार: “लोकांना विचारत बसलो तर वीट हलणार नाही.” न विचारता तरी कुठे हलते? शक्तिपीठाची अधिसूचना काढली, मागे घेतली, पुन्हा पहिल्यापासून. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचे उदाहरण तर कोणालाही पटेल असे आहे. मार्ग ठरला, काही ठिकाणी जमीन खरेदीही सुरू झाली, आणि मग लक्षात आले की नारायणगावजवळ खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, रेल्वेमुळे तिच्या निरीक्षणांना अडथळा होईल. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या नव्वदच्या दशकापासून तिथे उभ्या आहेत! जुन्नर तालुक्यातल्या कुठल्याही शाळकरी पोराला विचारले असते तरी त्याने सांगितले असते. आता मार्ग बदलायचा, आणि ज्यांनी जमिनी दिल्या ते अधांतरी. वेळ लोकांना विचारल्याने जातो की न विचारल्याने, हे एकदा मोजून बघावे.

बाहेरचे उदाहरण द्यायला मी फारसा उत्सुक नसतो, पण अमेरिकेत १९९१ च्या कायद्यापासून प्रत्येक राज्याला किमान वीस वर्षांचा, सर्व प्रकारच्या वाहतुकीचा एकत्र आराखडा करावा लागतो आणि तो करताना लोकांना मत मांडायची संधी द्यावी लागते. केंद्राच्या निधीतून होणारी कामे ज्या चार वर्षांच्या यादीत असावी लागतात, ती यादी या आराखड्याला धरून करावी लागते. तिथे सगळे आलबेल आहे असे नाही; मोटारीच्या नादात त्यांनी सार्वजनिक वाहतुकीचे हालच केले. पण “आधी आराखडा, मग प्रकल्प” हा क्रम कायद्यात लिहिलेला आहे. आपल्याकडे त्यासाठी फार मोठी घटनादुरुस्ती लागत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये आजच लिहिले आहे की लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे आखताना संबंधित सर्व वस्तुस्थिती प्रशासनाने स्वतःहून प्रसिद्ध करावी. अर्ज न करता, दहा रुपयांचा स्टँप न लावता.

म्हणून मागण्या. त्या मी जमतील तितक्या साध्या भाषेत लिहितो.

१. राज्याचा २०५० पर्यंतचा एकच वाहतूक आराखडा करावा. रस्ते, रेल्वे, एसटी, शहरातल्या बसगाड्या आणि मेट्रो, बंदरे आणि जलमार्ग, पायी आणि सायकलने जाणारे, सगळे त्यात असावेत. त्याचा मसुदा मराठीत, तालुकावार नकाशांसह, ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि एसटी स्थानकात लागावा. मोबाइलवर प्रश्नावली पाठवून “आपले मत महत्त्वाचे आहे” म्हणणे पुरेसे नाही. तिच्यात नकाशा नसतो आणि उलट प्रश्न विचारता येत नाही.

२. मसुद्यावर निदान तीन महिने द्यावेत आणि राज्याच्या ३५८ तालुक्यांत प्रत्येकी एक तरी सुनावणी व्हावी. ती पेरणीत किंवा काढणीत ठेवू नये. ऊसतोड कामगार गावात असतात त्या महिन्यांत बीड-जालन्याच्या सुनावण्या व्हाव्यात. बायकांची सुनावणी वेगळी आणि दिवसाउजेडी व्हावी. रात्री आठच्या ग्रामसभेत त्या येत नाहीत आणि मग इतिवृत्तात “महिलांचा प्रतिसाद अल्प” असे लिहिले जाते.

३. आलेल्या प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर मिळावे: मान्य, अमान्य, आणि का. सगळी उत्तरे एकत्र छापावीत. आमचे म्हणणे मानलेच पाहिजे असा हट्ट नाही, वाचले हे कळले पाहिजे.

४. आराखडा मंजूर होईपर्यंत नव्या द्रुतगती मार्गासाठी भूसंपादनाची अधिसूचना काढू नये. चालू कामे थांबवा असे मी म्हणत नाही. शक्तिपीठाबाबत मात्र पर्यायांची तुलना जाहीर करावी: सध्याच्या महामार्गाचे रुंदीकरण केले तर खर्च किती, जमीन किती, वेळ किती, नवा केला तर किती.

५. २००१-२०२१ च्या रस्ते विकास योजनेचा तालुकावार हिशेब प्रसिद्ध करावा.

६. एसटीच्या तिकीट यंत्रात रोज साठते ती माहिती, म्हणजे कुठे किती माणसे चढली आणि कुठे उतरली, नावे-गावे न देता खुली करावी. राज्यातल्या प्रवासाचे याहून चांगले सर्वेक्षण पैसे देऊनही मिळणार नाही. आणि प्रत्येक गावाला दिवसाला किमान किती फेऱ्या, शाळेच्या वेळेला कोणती, असा किमान सेवेचा निकष आराखड्यात लिहावा. त्याची तूट राज्याने अर्थसंकल्पातून, उघडपणे, सेवा म्हणून भरावी. तिला महामंडळाचा तोटा म्हणू नये.

७. राज्यात २०२२ साली रस्त्यांवर १५ हजार २२४ माणसे गेली. आराखड्यात हा आकडा किती वर्षांत किती खाली आणणार ते लिहावे. वेगाचे लक्ष्य असते, तसे याचेही असावे.

८. विकास आराखड्यासाठी जसा १९६६ चा कायदा आहे, तसा राज्य वाहतूक आराखड्यासाठी कायदा करावा. दर पाच वर्षांनी फेरविचार त्यातच लिहावा, म्हणजे सरकार बदलले की नकाशा बदलणार नाही. वैधानिक विकास मंडळे पुन्हा उभी करून अनुशेषाची मोजणी त्यांच्याकडे द्यावी.

यातल्या पाचव्या मागणीला आणि सहावीतल्या एसटीची माहिती खुली करण्याच्या मागणीला कायदा लागत नाही, मंत्रिमंडळाची बैठकही लागत नाही. आकडे सरकारकडेच आहेत. तेवढ्या दोन येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी पुऱ्या कराव्यात. वसमत तालुक्याचा हिशेब आला की मी आणि माझे काही जुने विद्यार्थी तो गावोगाव वाचून दाखवू आणि प्रत्यक्ष रस्त्याशी ताडून बघू. जिथे काम झाले आहे तिथे झाले म्हणून लिहू, जिथे नाही तिथे फोटो लावू, आणि ती वही आपल्या कार्यालयात आणून देऊ.

कळावे,

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
ता. वसमत, जि. हिंगोली